पैलवानाची विहीर आणि मगदूम मॅडम

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातला एक तर रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतो. पण मगदूम मॅडमइतकं मन लावून भिणारं माणूस माझ्या पाहण्यात दुसरं नाही. त्यांना लिफ्टची भीती वाटायची, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटायची, माइकची वाटायची. प्रेशर कुकरची तर इतकी, की शिट्टी जवळ आली की त्या स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आणि गॅस बंद करायला यजमानांना पाठवायच्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या संस्थेत त्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. उभी हयात ॲसिडच्या बाटल्यांत काढलेली बाई कुकरला भिते, यावर आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसायचो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. "हसा की," म्हणाल्या. "ॲसिड काय करतं ते मला ठाऊक आहे. कुकरचं काय सांगावं?"

ठेंगणा बांधा, खळ दिलेली सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. शंभर फुटी रस्त्यावरून त्यांची स्कूटी इतकी हळू जायची, की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गप्प बसायचा. आणखी एक सवय होती. भ्याल्यावर माणसाचा आवाज चढतो, त्यांचा उतरायचा. जितकी भीती जास्त तितकं बोलणं हळू आणि सावकाश. मीटिंगमध्ये कुणी अंगावर आलं की त्या इतक्या बारीक आवाजात उत्तर द्यायच्या, की भांडणारालाच पुढे वाकून कान द्यावा लागायचा. कान देऊन ओरडता येत नाही. त्यामुळे बरीचशी भांडणं तिथेच बसायची.

मी त्यांच्याच विभागात शिकवतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, माणदेशाच्या काठावरचं. मॅडम सांगलीजवळच्या नदीकाठच्या जैन शेतकरी घरातल्या. घरात थोडं मराठी, थोडं कानडी. आईला त्या अव्वा म्हणायच्या आणि अव्वांचा विषय निघाला नाही असा दिवस जात नसे. अव्वांनी त्यांना पाणी गाळायला शिकवलं होतं. प्रयोगशाळेतल्या पिण्याच्या नळालासुद्धा मॅडमनी दुहेरी पांढरं फडकं बांधलं होतं.

एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "मॅडम, फडक्यातून क्षार थोडेच गाळले जातात?"

"क्षारांसाठी नाही हो, जिवांसाठी," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं गाळून होत नाही. फडक्यात राहतं ती जिवाणी. ती मोरीत ओतायची नसते. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हळूच परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत सोडली तरी पाप. अव्वा त्यासाठी भर उन्हात परत विहिरीपर्यंत जायची."

मला तेव्हा ते घरोघरच्या सोवळ्याओवळ्यातलं काहीतरी वाटलं. मान डोलावून मी पाणी पिऊन टाकलं.

दिल्लीहून राष्ट्रीय पातळीवरच्या खुल्या विज्ञान धोरणाचा मसुदा चर्चेसाठी आला आणि प्रत्येक संस्थेनं आपापलं धोरण करावं असं ठरलं, तेव्हा आमच्याकडे पळापळ झाली. पळापळ म्हणजे समितीत यायला नको म्हणून जो तो पळाला. तसा विषय सरळ होता. संशोधन जनतेच्या पैशातून होतं, तर ते जनतेला फुकट वाचायला मिळावं. त्यामागची निरीक्षणं, आकडे, पद्धत हेही कुलपात न ठेवता खुलं करावं, म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येतं, वापरता येतं. पण आकडे खुले करायचे म्हटल्यावर भल्याभल्यांनी हात आखडता घेतला. कुणाला आपली माहिती चोरीला जाईल याची भीती, कुणाला आपली चूक सापडेल याची. दुसरी भीती जास्त होती, बोलली मात्र पहिलीच जायची.

शेवटी अध्यक्षपद मॅडमच्या गळ्यात पडलं. सदस्य-सचिव मी. सदस्य-सचिव म्हणजे चहा सांगणारा आणि इतिवृत्त लिहिणारा. पहिल्याच बैठकीला मॅडम म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना भीती वाटते, मलाही वाटते. तर आधी सगळ्यांनी आपली भीती सांगून टाकायची. तिथूनच धोरण लिहायला घेऊ." जगात कुठल्या समितीचं काम असं सुरू झालं असेल असं मला वाटत नाही. पण झालं, आणि मजा म्हणजे पुढं गेलं. ज्याची जी भीती, तिला एक कलम. संशोधकाला आधी आपला लेख लिहायला ठरावीक मुदत मिळेल, हे एक. चूक सापडली तर ती दुरुस्त करणाराला शिक्षा नाही, हे दुसरं. आजारी माणसाची, घराची, जमिनीची ओळख पटेल असं काही बाहेर जाणार नाही, हे तिसरं.

हे तिसरं कलम लिहून झालं त्या दिवशी आम्ही शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. आपण सगळं सांभाळलं, असं वाटलं होतं.

नमुना म्हणून आमच्याच विभागाचं एक काम खुलं करायचं ठरलं. म्हसवडच्या पलीकडच्या काही गावांत मॅडमनी विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासलं होतं. गावांची नावं मी इथं लिहीत नाही, का ते कळेलच. तिकडे पाणी खोल गेलंय. विहिरीच्या तळात बोअर मारायचे, त्यात आणखी बोअर मारायचे, आणि खालच्या खडकातलं पाणी वर आणायचं. त्या पाण्याबरोबर काही ठिकाणी फ्लोराइडही येतं. रंग नाही, वास नाही, चव उलट गोड. एका पेल्यानं काही होत नाही, वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि मोठ्यांची हाडं आखडतात.

माहिती खुली करताना आम्ही काळजी घेतली. मालकांची नावं काढली. गट नंबर काढले. फोन नंबर काढले. मॅडमनी स्वतः तपासलं, मी तपासलं, समितीतल्या सगळ्यांनी तपासलं. आणि एक रकाना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तसाच राहिला. विहिरीचं नाव.

परका कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. आम्ही सगळे इथलेच. आपल्याकडे विहिरीला नाव असतंच, थोरली विहीर, चिंचेची विहीर, तशीच पैलवानाची विहीर. ते एखाद्या घराचं नाव आहे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि तिकडच्या मुलखात पैलवान म्हटलं की एकच घर. शेंबड्या पोरालाही माहीत.

त्या घराचा कर्ता एक दिवस संस्थेत आला. हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पांढरा शर्ट, मिशा, हातात मोबाइलवरून छापून घेतलेला कागद. दारातूनच म्हणाला, "मगदूम बाई कोन?"

खोटं सांगत नाही, माझा हात आपोआप मॅडमकडे गेला. मॅडम उठून उभ्या राहिल्या. टेबलाआड त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं मला दिसत होतं.

"आवं बाई," तो म्हणाला, आणि आवाज चढवलाच नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. "आमी तुमाला इहीर दावली. मंडळीनं च्या केला. तुमच्या बाटलीचा दोर माज्या पोरीनं धरला हुता, याद हाय? तिचीच सुपारी फुटली हुती. आता सांगावा आलाय, न्हाई म्हनून. का, तर म्हनं पैलवानाच्या इहिरीचं पानी प्याल्याली पोर. हाडं ठिसूळ असत्याल. पोरंबाळं कशी हुतील. घरोघरी मोबाइलवर ह्यो कागद फिरतोय. आमी काय वंगाळ केलं तुमचं?"

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. इतकं हळू की त्याला पुढे यावं लागलं. "विहिरीचं नाव राहायला नको होतं. ते मी पाहिलं नाही."

"चूक म्हनून लगीन हुतंय का परत?"

"नाही होत." मग त्यांनी विचारलं, "मोडलं कुणी?"

त्यानं एका सुभेदाराचं नाव सांगितलं. शेजारच्या गावचं मोठं घर, निवृत्त सुभेदार, मुलगाही फौजेत, डाळिंबाच्या बागा. नाव ऐकून मी चमकलो. कारण त्या सुभेदाराच्या विहिरीचं पाणीही आम्ही तपासलं होतं. ते पैलवानाच्या विहिरीपेक्षा वाईट होतं. यादीत मात्र ते नव्हतं. सुभेदारानं निकाल न विचारताच आमच्या संचालकांना फोन केला होता, डाळिंबाच्या बाजाराचं नाव सांगितलं होतं, आणि संचालकांनी 'तूर्त थांबवा' असा शेरा मारून ती नोंद बाजूला काढली होती. थांबवायचा अधिकार कुणाला, किती काळ, ते कलम आमचं अजून लिहून व्हायचं होतं.

म्हणजे पैलवानाच्या घरच्या मुलीला नाकारणारं घर तिच्याहून वाईट पाणी पीत होतं, आणि ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मॅडमना आणि मला. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. एक वाक्य, की या माणसाची मान वर झाली असती. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

तो गेल्यावर मी चिडलोच. "मॅडम, का नाही सांगितलंत? त्याची पोर आहे ती!"

त्या खुर्चीत बसल्या होत्या. "शिंदे, ही माहितीही जिवाणीच. ज्या विहिरीची, त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्याच्या हातात दिली की ती दगड होते. आपण आत्ताच एकदा तेच केलंय ना? पैलवानाच्या पाण्याचं पैलवानाला शेवटी कळलं. आधी सगळ्या गावाला." आणि मग त्या एकदम म्हणाल्या, "त्या सुभेदारांच्या घरात एक लहान मुलगी आहे. नमुना घ्यायला गेलो तेव्हा अंगणात खेळत होती. तिला नुकते पक्के दात येतायत. मला तिची भीती वाटते. मुलीची नव्हे हो, तिच्या दातांची."

तेव्हापासून मॅडमना झोप लागेना. संचालकांकडे त्या ती नोंद मोकळी करा, निदान त्या घरी तरी सांगू द्या म्हणून गेल्या. त्यांनी धोरण मंजूर होऊ द्या म्हणून सांगितलं. धोरणाच्या बैठकीत ते म्हणाले, पैलवानाचं प्रकरण निस्तरू द्या. गोल गोल. आणि पाणी रोज शेंदलं जात होतं.

मध्येच दिल्लीची ऑनलाइन चर्चा आली. देशभरातल्या संस्थांनी आपापल्या धोरणाचा अनुभव सांगायचा होता. संचालक शेजारी बसले होते. त्यांनी मॅडमना बजावलं होतं, चांगलं चांगलं सांगा. मॅडमच्या हातात टाइप केलेलं चांगलं चांगलं होतंही. माइकचं बटण दाबलं, आणि कागद बाजूला ठेवून त्या म्हणाल्या की आमच्या हातून एका मुलीचं लग्न मोडलं. मग विहिरीच्या नावाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांचं इंग्रजी साधं, आवाज तर इतका खाली गेलेला की पलीकडून कुणीतरी दोनदा 'मोठ्यानं बोला' म्हणालं. तुमच्या मसुद्यात नाव-पत्ता झाकायला सांगितलंय, त्या म्हणाल्या, पण आमच्याकडे माणूस नावानं कमी आणि विहिरीनं, बांधानं, झाडानं जास्त ओळखला जातो. ते काय झाकायचं, हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कुणाला कळणार नाही. आणि ज्याची माहिती आहे त्याला ती सर्वांत शेवटी कळावी, हे कसलं खुलं विज्ञान? पलीकडून 'सूचनेची नोंद घेतली' असं उत्तर आलं. नोंद घेतली म्हणजे काय केलं, ते दिल्लीलाच ठाऊक.

बैठक संपल्यावर संचालक लालबुंद झाले होते. "संस्थेची अब्रू तुम्ही देशाच्या वेशीवर टांगलीत. आता सगळंच बंद करून टाकू. कसलं खुलं आणि कसलं काय!"

त्याच संध्याकाळी मॅडमना अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या असे फोन उचलत नसत, तो का कोण जाणे उचलला. एक पुरुषी आवाज फक्त एवढंच म्हणाला, की बाई, तुमची गाडी लय हळू असती, रस्ता बघून चालवत जावा. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षानं आल्या. मला सांगताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हणालो, मॅडम, सोडून द्या. आपलं काय घोडं अडलंय? मी अगदी मनापासून म्हणालो. मला माझी मुलं दिसत होती.

"मलाही तसंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण कामाला काय ठाऊक, आपण भ्यालोय ते?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एरवी ते त्या कुकरबद्दलसुद्धा वापरायच्या.

शेवटची बैठक मी विसरणार नाही. संचालकांनी मांडलं, की ज्यातून वाद होईल अशी माहिती संस्थाप्रमुखाच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये, मुदत नाही, कारण देण्याची गरज नाही. पाच-सहा माना लगेच डोलल्या. मलाही वाटलं, सुटलो. मग मॅडमनी आपलं कलम वाचलं. माणसाच्या तब्येतीशी संबंध असलेली माहिती कुणालाही, कुठल्याही कारणानं अडवून धरता येणार नाही. मात्र खुली करण्याआधी ती ज्याची आहे त्याच्या घरी जाऊन, त्याच्या भाषेत, संशोधकानं स्वतः वाचून दाखवायची. काय झाकायचं ते त्यालाच विचारायचं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, पहिलं वाचन. सगळे कान पुढं करून ऐकत होते, नाइलाजच होता. वाचून झाल्यावर त्यांनी आणखी एकच गोष्ट सांगितली, त्या लहान मुलीच्या दातांची. नाव न घेता. आमच्यात बहुतेक सगळे आईबाप होते.

मतदान झालं आणि कलम काठावर पास झालं. माझा हात वर होता, पण तो बाकीचे हात मोजून मग वर गेला हेही लिहिलं पाहिजे. संचालक हसले. म्हणाले, "उत्तम. मग पहिलं वाचन तुम्हीच करा मॅडम. सुभेदारांकडे."

आज ते धोरण संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. दुसऱ्या संस्था मागवून घेतात, पहिल्या वाचनाचं कलम जसंच्या तसं उतरवतात. मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे धारवाडला गेल्या. तिथल्या कुकरची त्यांना आणखी भीती वाटते, असं फोनवर सांगतात. लोक मला विचारतात, त्या मुलीच्या लग्नाचं पुढं काय झालं? ते मी सांगणार नाही. ते सांगितलं तर घर ओळखू येईल, आणि एकदा ती चूक आमच्या हातून झालेली आहे. पण मला मॅडम आठवतात त्या निरोप समारंभातल्या हारातुऱ्यांतल्या नव्हेत. मला त्या सुभेदारांच्या दारातल्या आठवतात.

त्या पहिल्या वाचनाला आम्ही जीपनं विट्यावरून गेलो. मला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं होतं, तुमची बोली त्यांना घरची वाटेल म्हणून. म्हसवडात सिद्धनाथाच्या देवळाकडे बघून मी गाडीतूनच हात जोडले.

"काय मागितलंत?" मॅडमनी विचारलं.

"सांगलीला परत पोचू दे म्हणून."

"माझ्यासाठीही मागा की."

सुभेदारांचा वाडा वगैरे नव्हता, स्लॅबचं मोठं घर होतं, पुढं ओसरीसारखा, फरशी घातलेला सोपा. ते खुर्चीवर बसले होते, उंच, करड्या मिशांचे. त्यांनी बसा म्हटलं. त्यांच्या मंडळी आतून तांब्या-पेला घेऊन आल्या, नाकीडोळी देखणी बाई. तांब्या ठेवायला त्यांना वाकता येईना. भिंत धरून, पाठ तशीच ताठ ठेवून त्या गुडघ्यांतून खाली बसल्या. माझ्याकडे बघायचं तर मान वळेना, अख्ख्या वळल्या. मॅडमनीही ते पाहिलं होतं, कारण त्यांनी लगेच नजर खाली घातली.

पाणी समोर होतं. तेच पाणी. मी पेल्याला हात लावला नाही. मॅडमनी पेला उचलला, दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्यायल्या आणि पेला खाली ठेवला. मग पिशवीतून कागद काढला.

"तुमच्या विहिरीचं पाणी आम्ही नेलं होतं, त्याचं काय निघालं ते वाचायला आले," त्या म्हणाल्या. आवाज तळाला गेला होता. सुभेदार पुढे वाकले. मॅडमनी आकडा वाचला, किती असायला हवा तो वाचला, आणि मग साध्या भाषेत सांगितलं, लहान मुलांचं काय होतं, मोठ्यांचं काय होतं. मोठ्यांचं सांगताना त्यांनी सुभेदारांच्या मंडळींकडे पाहिलं नाही. त्या बाई मात्र स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

सुभेदारांनी खिशातून मोबाइल काढला. पैलवानाच्या विहिरीचा कागद त्यांच्याकडेही होताच. त्यांनी तो आकडा पाहिला, हा आकडा पाहिला.

"किती हाय आपलं?" बाईंनी विचारलं. "त्येंच्यापरीस कमी का जास्त?"

सुभेदारांनी मोबाइल पालथा ठेवला. बाईंना समजलं. मग त्यांनी मॅडमना विचारलं, "ह्ये पैलवानाच्या घरी ठावं हाय?"

"नाही. विहीर तुमची. आधी तुम्हाला."

"तुमी त्यास्नी सांगितलं न्हाई? त्यो तुमच्या हापिसात येऊन येवढं बोलूनबी?"

"नाही."

"मग झालं तर," सुभेदार म्हणाले. "आता कुनालाच ठावं व्हायचं न्हाई. कागद हितंच ऱ्हाऊ द्या."

"सोमवारी ते खुलं होणार आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचं नाव नसेल, विहिरीचं नसेल. आणखी काही झाकायचं असलं तर सांगा, झाकते. आकडा झाकता येणार नाही."

सुभेदार उभे राहिले. "बाई, तुमी बाईमानूस हाय म्हनून ऐकून घेतलं. आता निघा. आन् लांबचा रस्ता हाय. सांभाळून जावा."

तेच शब्द नव्हते, पण तोच सूर होता. माझे पाय सोप्यातून बाहेर पडले, मी पाडले नाहीत. मी जीपपर्यंत पोचलोसुद्धा. ड्रायव्हरला म्हणालो, चालू कर. वळून पाहिलं तर मॅडम उंबऱ्यापाशी होत्या, एका हातानं चौकट धरून पायात चप्पल सरकवत होत्या. तेवढ्यात परसातून ती लहान मुलगी पळत आली, उन्हानं लाल झालेली. "आज्जी, पानी."

बाई सवयीनं उठल्या, भिंत धरून, ताठच्या ताठ. कोपऱ्यातल्या डेऱ्यात त्यांनी तांब्या बुडवला, वर काढला, आणि हात तिथंच थांबला. पोरगी ओंजळ पुढं करून उभी. तांब्यातून थेंब गळत होते.

मॅडमनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली आणि उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून दिली. पोरीनं बाटली तोंडाला लावली. घटाघटा प्यायली, मध्ये थांबून हसली, परत प्यायली. बाई संपत जाणाऱ्या बाटलीकडे बघत होत्या.

"आन् उद्या?" त्या म्हणाल्या.

हे त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही. नवऱ्याकडेही त्या बघत नव्हत्या.

"बाई, तुमाला निघा म्हटलं न्हवं?" सुभेदार म्हणाले. आता आवाज चढला होता.

जीप चालू होती. मॅडमनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. इतका भ्यालेला चेहरा मी कुठल्याच माणसाचा पाहिलेला नाही, आरशातसुद्धा नाही. मग त्यांनी पायातली चप्पल काढली, आणि आत जाऊन त्या बाईशेजारी जमिनीवर बसल्या.